गावठाणाबाहेरचं गाव

पुण्यातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, तासाभरात पाच-सहा कमानी लागतात. 'ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे' असं प्रत्येकीवर लिहिलेलं असतं. वर ग्रामदैवताचं चित्र, खाली कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव, आणि दोन्ही खांबांना बांधलेले प्लॉटिंगचे फ्लेक्स. कमानीखालून आत गेल्यावर गाव नेमकं कुठं लागतं, हे मात्र चटकन सांगता येत नाही. आधी टँकर भरण्याची जागा लागते, मग बारा-चौदा मजली इमारती, मग पत्र्याची दुकानं, मंगल कार्यालय, मधेच शिल्लक राहिलेला उसाचा तुकडा. देऊळ आणि चावडी दिसेपर्यंत पुढच्या गावाची कमान आलेली असते.

महसूल खात्याला विचाराल तर त्याच्याकडे याचं चोख उत्तर आहे. इंग्रजी अमदानीत जमिनींची मोजणी झाली तेव्हा वस्तीभोवती एक रेघ ओढली गेली. रेघेच्या आत राहायचं, बाहेर पिकवायचं. आतल्या जागेला गावठाण म्हणतात. माणसं वाढली तरी वाड्यांच्या खोल्या वाटून घेऊन, परसात भिंत घालून ती रेघ लोकांनी पिढ्यान् पिढ्या पुरवली. २०२० साली सरकारनं स्वामित्व योजना आणली. ड्रोन उडवून गावठाणातल्या घरांची मोजणी करायची आणि मालकांना हक्काचा कागद द्यायचा. काम चांगलंच आहे. पण ड्रोन त्या जुन्या रेघेशी थांबतो, आणि शहरालगतच्या गावात राहणारी बहुसंख्य माणसं आज रेघेबाहेर राहतात. निवृत्तीनंतर हवेली तालुक्यातल्या अशाच एका गावात मी राहायला आलो, तो रेघेबाहेरच. गावाचं नाव लिहीत नाही; लिहिलं तरी शेजारच्या चार गावांना ते आपलंच वर्णन वाटेल.

हे रेघेबाहेरचं गाव गुंठ्यागुंठ्यानं वाढतं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. शेतकरी हाव सुटून जमीन विकतो अशी शहरात समजूत आहे, ती मला कधीच पटली नाही. चार भावांत वाटणी झालेली असते, विहिरीला पाणी नसतं, मुलीचं लग्न निघालेलं असतं, किंवा शेजारच्यानं विकून टाकल्यामुळे पाणंद बंद होऊन आपल्या शेतात बैलगाडीही जाईनाशी झालेली असते. एकानं विकलं की पुढच्याला विकावंच लागतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि त्याला बगल देण्याची रीतही आता जुनी झाली आहे. दहा-अकरा गुंठ्यांचं एक खरेदीखत करायचं, त्यात दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं सामाईक म्हणून घालायची, सातबारावर ती सगळी चढवायची, आणि मग साध्या कागदावर आपसात चुन्याची फक्की मारून वाटून घ्यायचं. कुणी डोंबिवलीचा, कुणी लातूरचा, कुणी कारखान्यात पाळी करणारा. एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं कायद्यानं भावकी होतात!

शासनाला हे ठाऊक नाही असं नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला, तो त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतच्या भूखंडांपुरता. २०२१ साली दुरुस्ती होऊन ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं गेली. अशी घोषणा झाली, की महिन्याभरात कमानीवरचे फ्लेक्स बदलतात. 'भविष्यात नियमित होणार' हे वाक्य ठळक होतं. ज्यांनी घामाच्या पैशानं घर बांधलं त्यांना माफी मिळू नये असं माझं म्हणणं नाही. मात्र माफी घराला मिळते, रस्त्याला मिळत नाही. रीतसर मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, रस्त्याची रुंदी दाखवावी लागते. गुंठ्यांच्या वस्तीत दहा फुटांची वहिवाट असते, आणि तीही पहिल्या घराचा जिना बाहेर येईपर्यंतच. आग लागली तर बंब आत येणार नाही, हे तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

आमच्या ग्रामीण कादंबरीत सरपंच आहे, तलाठी आहे, सावकार आहे, पुढारी तर डझनानं आहेत. पण मोटरसायकलच्या डिकीत पन्नास सातबारे घेऊन फिरणारा गुंठ्यांचा एजंट अजून कुणी नीट उभा केलेला नाही. मी स्वतः दोनदा प्रयत्न केला. कागदावर तो खलनायक होतो, आणि प्रत्यक्षात तसा नसतो. बहुधा तो ज्याची जमीन आधीच गेली अशा घरातला मुलगा असतो.

बँकेतली माझी उमेदीची वर्षं ग्रामीण आणि निमशहरी शाखांत गेली. कर्जाच्या अर्जांत गाव जसं वाढताना दिसतं तसं ते जनगणनेच्या तक्त्यातही दिसत नाही. आधी म्हशी, विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर असे अर्ज यायचे. मग हळूहळू रिक्षा, टेम्पो, किराणा दुकान. मग एक दिवस घरबांधणी. एक फिटर मला अजून आठवतो. त्यानं टेबलावर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा ठेवला, घरपट्टीची पावती ठेवली, आणि वर पाणीपट्टीचीही ठेवली. त्याला सांगावं लागलं, की बाबा रे, ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बिगरशेतीचा आदेश आण, मंजूर नकाशा आण. तो म्हणाला, ''साहेब, पंचायत माझ्या घराची पट्टी घेते, मग घर माझं न्हाई व्हय?'' नियम बरोबर होता. बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो, तो कच्च्या कागदावर देता येत नाही. तो दीडपट व्याजानं दुसरीकडून पैसे घेऊन आला आणि दोन वर्षांत घर बांधून मोकळा झाला. त्याच्या शेजारी आणखी वीस घरं उठली. बँकांच्या नकारानं एकही भिंत थांबली नाही. ज्याच्याकडे पक्के कागद आणि बरा पगार, त्याला स्वस्त पैसा. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला महाग. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन व्याजदरांची घरं उभी आहेत.

आता पंचायतीकडे वळू. तिच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. पाणी नाही, कचरा रस्त्याकडेला जळतोय, गटार ओढ्यात सोडलंय. सगळं खरं आहे. पण तिच्या चोपड्या जरा बघा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं सदस्यांची संख्या ठरवली ती कमीत कमी ७, जास्तीत जास्त १७. गावाची वस्ती साठ हजार झाली तरी १७ च. कारभाराला एक ग्रामसेवक. २०२४ साली या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, माणूस एकच राहिला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अंमलात आली, आणि २९ विषयांची यादी घटनेला जोडली गेली. विषय आले, त्यामागं यायला हवा होता तो पैसा आणि ती माणसं यायची राहिली.

पैशाचं उदाहरण देतो, कारण त्यात मला थोडी गती आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत पंचायतींना मिळाला, तो मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबानं, आणि लोकसंख्या धरली २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साठी जाहीर झाली. म्हणजे २०११ नंतर ज्या गावात पाच-पन्नास इमारती उभ्या राहिल्या, त्या इमारतींतली माणसं दिल्लीच्या हिशेबात अस्तित्वातच नव्हती. त्यांचं मैलापाणी मात्र होतं.

दुसरा भाग त्याहून वाईट. जमिनीच्या व्यवहारावरच्या मुद्रांक शुल्कातला काही वाटा जिल्हा परिषदेमार्फत पंचायतीकडे येतो. जितकी खरेदीखतं, तितकी आवक. नवी इमारत, नवी घरपट्टी. कुठल्याही बँक निरीक्षकाच्या कपाळाला आठी पडावी असा हा प्रकार आहे: मालमत्ता विकली जातेय तोवर खर्च भागतोय. विक्री थांबली की दिव्यांची बिलंही थकतील. अशा संस्थेनं 'आता पुरे, आधी पाण्याची सोय होऊ दे' म्हणावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो?

आणि म्हटलं तरी ऐकणार कोण? बांधकामाची परवानगी आता पंचायतीच्या हातात नाही. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. नकाशे तिथं मंजूर होतात. पाणी देण्याची जबाबदारी मात्र स्थानिक संस्थेची. मधली फट भरायला हमीपत्र असतं: स्थानिक संस्थेचं पाणी येईपर्यंत बांधणारा पाणी पुरवील. बांधणारा सगळे फ्लॅट विकून, सोसायटी स्थापून देऊन निघून जातो. हमीपत्र फायलीत राहतं, टँकर रस्त्यावर. प्राधिकरणानं आठशेहून जास्त गावांचा प्रारूप विकास आराखडा २०२१ साली प्रसिद्ध केला. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ साली शासनानं तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षं झाली, आराखडा नाही. या दहा वर्षांत गावं वाट बघत थांबली होती असं कुणी समजू नये.

''मग महापालिकेत जाऊ द्या की गाव,'' आमच्या सोसायटीतले तरुण म्हणतात. हिंजवडीत आयटी पार्कमुळे पावसाळ्यात रस्त्यांची नदी होते, तिथंही पिंपरी-चिंचवड महापालिकेत जायची मागणी होते. मागणी समजण्यासारखी आहे. तरी पुढं काय झालं ते पाहायला हवं. पुण्यात १९९७ साली ३८ गावं घेतली, त्यांतली काही पुढं वगळली. २०१७ साली ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. वाघोली, मांजरी, सूस, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी त्यांतलीच. क्षेत्रफळानं पुणे मुंबईहून मोठं झालं, बातम्या झळकल्या. समावेशाच्या दिवशी त्या गावांच्या ग्रामपंचायती संपल्या, ग्रामसभा संपल्या. नगरसेवक यायचे होते, पण पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये सरली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद न्यायालयात अडकला होता. साडेचार वर्षं त्या २३ गावांना ना सरपंच, ना नगरसेवक. नळाला गढूळ पाणी आलं तर घेऊन जायचं कुणाकडे?

ही शंका नुसती कागदावरची नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुलेन-बारीच्या आजाराचे रुग्ण निघू लागले. हातापायांतलं बळ जाणारा हा आजार. नांदेड आणि किरकटवाडीच्या परिसरात त्यांची गर्दी होती. संशय पाण्यावर गेला, आणि मग चर्चा सुरू झाली, की विहिरीतून येणाऱ्या या पाण्यावर नीट शुद्धीकरण तरी होतं का? गावं पालिकेत येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांची कथा तर आणखी निराळी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं यांच्या उशाशी टाकला गेला. विहिरींचं पाणी नासलं, माणसं रस्त्यावर बसली, आंदोलनं झाली. २०१७ साली ती पालिकेत घेतली गेली. मग पालिकेच्या दरानं कर आले, सोयी मात्र आल्या नाहीत. लोकांनी मागणी केली, की आम्हाला बाहेर काढा. डिसेंबर २०२२ मध्ये तसा निर्णय झाला आणि २०२४ साली दोन्ही गावांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद अशा तीन पाट्या त्या माणसांनी सात वर्षांत पाहिल्या.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाव वाढावं की नाही हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. ते कसं वाढावं हे विचारायची एक जागा कायद्यानं दिलेली आहे, आणि गाव शहर व्हायच्या आधीच ती वापरता येते. ती जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षाला चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती. वीस हजार मतदार असोत, शंभर माणसं पुरतात. ती तरी जमतात का? बहुतेक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-पंधरा जण बसून ठराव करतात, आणि गावाची इच्छा म्हणून त्याची नोंद होते. सोसायट्यांतली माणसं येत नाहीत, कारण त्यांची मतं जुन्या पत्त्यावर असतात. गावातलेही त्यांना फारसं बोलावत नाहीत; ही मतं एकदा यादीत आली तर सतराच्या सतरा जागांचं गणित बदलेल.

मी माझं नाव इथल्या यादीत घातलं आणि सभांना जाऊ लागलो. गेल्या १ मेच्या सभेला आमच्या सोसायट्यांतले तीस-चाळीस जण प्रथमच आले. टँकरचा खर्च असह्य झाला होता. एका तरुण इंजिनिअरनं उभं राहून आवाज चढवला. ''आम्ही टॅक्स भरतो. आम्हाला पाणी मिळालंच पाहिजे.'' मागं ओट्यावर एक आबा बसले होते, पंच्याहत्तरीचे. त्यांच्याच शेतावर आता तीन इमारती आहेत. ते शांतपणे म्हणाले, ''साहेब, तुमी टॅक्स भरता, खरं हाय. पर धरण झालं तवा आमच्या पाव्हण्यांची गावं गेली, त्या धरणाचं पानी पुण्याला गेलं. आमाला पाट आला, आता त्यो बी आटला. पानी आमी कुठनं मागायचं?'' इंजिनिअर म्हणाला, ''आबा, मी तुमच्याशी भांडायला आलेलो नाही.'' ''मग बसा की,'' आबा म्हणाले. तो बसला. खडकवासला आणि त्याच्या वरची पानशेत, वरसगाव ही धरणं शहर पितं, हे त्याला माहीत होतं. त्या पाण्याचा पाट आपल्या इमारतीच्या पार्किंगखालून जात होता, हे माहीत नव्हतं.

त्या सभेत पाण्याचा प्रश्न सुटला नाही, सुटणारही नव्हता. पण एक ठराव झाला, आणि तो मला मोलाचा वाटतो. गावाचा ओढा, गायरान आणि दोन पाणंद रस्ते यांची सरकारी मोजणी करून घ्यायची आणि नकाशा चावडीवर लावायचा. कारण साधं आहे. उद्या सांडपाण्याचा प्रकल्प, पाण्याची टाकी, शाळेची वाढीव इमारत उभी करायची झाली तर दुसरी जागाच उरलेली नाही. खाजगी जमीन विकत घेणं पंचायतीच्या सात पिढ्यांना जमायचं नाही. गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं कडक निर्बंध आणले, म्हणून ते कसंबसं टिकलं आहे. ओढ्याला तसा कुणी वाली नाही.

याहून मोठे मार्ग आहेत, ते मी नाकारत नाही. हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि शहर वसवलं. जमिनीची मालकी हातची गेली नाही. पण तिथं बरीचशी भावकी होती, नेतृत्व होतं. आमच्याकडे दोन भावांत बांधावरून बोलणं नाही. नगररचना योजनेचा मार्गही आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून उरलेले भूखंड नीट आखून ज्याचे त्याला परत द्यायचे. म्हाळुंगे-माण इथं प्राधिकरणानं तशी योजना हाती घेतली. कागदावर याच्याइतका न्याय्य उपाय नाही. पण 'जमीन आधी द्या, मग परत देऊ' हे वाक्य शेतकऱ्यानं धरणाच्या वेळी, एमआयडीसीच्या वेळी, रस्त्याच्या वेळी ऐकलेलं आहे. त्याचा विश्वास बसायला आधी काहीतरी लहानसं, डोळ्यांना दिसणारं व्हावं लागतं. हिवरे बाजारनं बाहेरच्यांना जमीन न विकण्याचा निर्णय घेतला आणि पाळला. पण तिथंही आधी पाणलोटाचं काम झालं होतं. आणि ते गाव शहराच्या वेशीवर नाही.

मोजणीची फी भरली गेली. अर्धी पंचायतीनं, अर्धी सोसायट्यांनी वर्गणी काढून. भूमी अभिलेखचा मोजणीदार पावसाळा उलटल्यावर आला. दोन दिवस तो, त्याचं यंत्र, आणि मागं पाच-पन्नास माणसं, असा ओढ्याकाठानं मोर्चाच निघाला. आबा काठी टेकत पुढं. जुन्या नकाशातला ओढा आजच्या ओढ्याच्या दुपटीहून रुंद निघाला. दोन जागी हद्द भिंतीखाली गेलेली होती. एक भिंत सरपंचांच्या भावकीतल्या मंगल कार्यालयाची. दुसरी आमच्या सोसायटीची. तिच्या आत आम्ही बाग केली आहे, बाकं टाकली आहेत, आणि रोज संध्याकाळी मी तिथंच बसतो.

नकाशा चावडीवर लागला आहे. भिंती अजून उभ्या आहेत. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर त्यांचा क्रमांक चौथा आहे, टँकरच्या बिलांनंतर.